बारा काठ्यांसाठी ब्रसेल्स

तौनो लेप्पानिएमींना फक्त बारा काठ्या हव्या होत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढची हकिगत ऐकून कुणाला वाटायचं, माणूस मोठा महत्त्वाकांक्षी असला पाहिजे. तसं काही नव्हतं. बारा काठ्या, त्याही प्लास्टिकच्या. आत थोडी तार आणि डोक्यावर बोटभर यंत्र. हिवाळ्याच्या तोंडाशी तळं गोठायला लागलं की त्या पाण्यात उभ्या करायच्या. मग बर्फ किती जाड झालाय याची काठ्यांनी आपापसांत चर्चा करायची आणि निष्कर्ष लोकांच्या फोनवर कळवायचा. चालत पलीकडच्या बेटावर जायचं की घरी बसायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फिनलंडमधल्या कुओपिओत हा प्रश्न लहान नाही. नोव्हेंबर लागला की सगळं गाव तळ्याकडे डोळे लावून बसतं, आणि दरवर्षी एखादा तरी उतावळा आपल्या मासे धरायच्या स्टुलासकट आत जातो. तौनो विद्यापीठात संगणक शिकवत. इमारतीतल्या लोकांच्या मते संगणक कळणाऱ्या माणसाला बर्फही कळायलाच हवा, त्यामुळे जिन्यात भेटेल तो त्यांना विचारी, "काय तौनो, धरेल का?" तौनोंना खोटं बोलता येत नसे आणि खरं माहीत नसे. त्यातून या काठ्या सुचल्या. पहिली त्यांनी स्वतःच्या पगारातून बनवली आणि ती चालली. राहिल्या अकरा.

विद्यापीठात परदेशी निधीचं काम मेर्वी नावाची बाई बघत असे. तौनो तिच्याकडे गेले.

"बारा काठ्यांना पैसे नाहीत," मेर्वी म्हणाली. "बाराशे असत्या तर काहीतरी करता आलं असतं."

तौनोंना वाटलं ती थट्टा करतेय. ती करत नव्हती.

"ब्रसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे मागा. माहिती तंत्रज्ञानाच्या संशोधनाला ते द्यायलाच बसलेत. पण थोडं मागू नका, थोडं मागितलं की त्यांना संशय येतो. आणि एकट्याने मागायचं नाही. निदान तीन देश हवेत. तिघांनी मिळून मागितलं की त्याला सहकार्य म्हणतात."

"आणि एकट्याने मागितलं की?"

"एकट्याला तिकडे काही नावच नाही," मेर्वी म्हणाली.

इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, गुरुवारी संध्याकाळी पुरुषांची पाळी असे. अंगावर कपडा नसताना कुठलाही सल्ला फार मनापासून दिल्यासारखा वाटतो. शेजारचा रेइनो, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, वरच्या फळीवर बसून तापलेल्या दगडांवर पाणी टाकत म्हणाला, "ग्रीसला घे."

"ग्रीसमध्ये बर्फ नाही."

"म्हणूनच घे. अरे, बैठका कुठे होतात यावर सगळं असतं. आम्ही दलात असताना एस्टोनियाबरोबर पाण्याच्या नळ्यांचं सहकार्य केलं होतं. चार वर्षं तालिनला गेलो आणि चार वर्षं पाऊस. तेव्हाच मी ठरवलं, पुढचं सहकार्य उन्हात."

तौनो नुसते घाम पुसत राहिले.

ग्रीस नंतर आलंच. आधी मेर्वीने दोघे जण जुळवून दिले. एक नेपल्सच्या प्राध्यापिका, कार्मेला इम्प्रोता. त्यांच्या गावाशेजारची जमीन खालच्या ज्वालामुखीमुळे श्वास घेतल्यासारखी वरखाली होते आणि ती कधी किती फुगली हे त्यांना फोनवर हवं होतं. दुसरा लिस्बनचा दुआर्ते. त्याच्या गावचे पदपथ घासून गुळगुळीत झालेल्या पांढऱ्या दगडांचे, सरी आल्या की लोक त्यांवर धडाधड पडतात, आणि कुठल्या गल्लीत घसरगुंडी झालीय हे त्याला फोनवर हवं होतं. तिघांची पहिली बैठक फोनवर झाली. कार्मेलाबाई बोलल्या, दुआर्ते बोलला, आणि तौनोंनी ऐकलं. त्यांना दोघेही फार आवडले.

अडचण एवढीच झाली की तिघांचं मिळून एक काहीतरी असायला हवं होतं.

"बर्फ काढा," मेर्वी म्हणाली. "बर्फ म्हटलं की निम्म्या परीक्षकांना वाटतं हे आपलं नव्हे."

तौनोंनी बर्फ काढला. मग ज्वालामुखी निघाला, मग लिस्बनचे दगड निघाले, आणि शेवटी प्रकल्पाचं नाव उरलं ते असं: 'परिवर्तनशील पृष्ठभागांवरील विश्वासार्ह संचारासाठी सहकारी संवेदन व संवाद व्यवस्था'. या नावाची आद्याक्षरं जोडून कुठल्या तरी देवतेचं किंवा पक्ष्याचं नाव व्हावं, असा ब्रसेल्सच्या वाटेवरचा रिवाज आहे. आपल्या नावातून काहीच होत नाही, हे कळायला आणखी तीन बैठका गेल्या.

हेल्काबाईंनी, म्हणजे तौनोंच्या पत्नीने, तो कागद चष्मा लावून वाचला. "यात तळं कुठाय?"

"तळं 'पृष्ठभागां'मध्ये आलं."

"आणि काठ्या?"

"त्या 'व्यवस्थे'त."

"आणि तू?"

तौनोंनी पुन्हा वाचून पाहिलं. "मी बहुधा 'सहकारी'त असेन," ते म्हणाले.

आता ज्या बैठकीने घात केला तिच्याकडे यायला हवं. त्याआधी तौनोंचा स्वभाव सांगायला हवा. हेल्काबाई कुओपिओच्याच, आणि कुओपिओची माणसं बोलायला लागली की कॉफी तीनदा निवते. तौनो मात्र मूळचे दक्षिणेकडच्या ह्यामे प्रांतातले. ह्यामेच्या माणसाला होकार द्यायला वेळ लागत नाही. तो 'हो' म्हणतो आणि मोकळा होतो. वेळ लागतो तो नकाराला. समोरच्याचं मन दुखावणार नाही, आपल्यालाही कमीपणा येणार नाही, आणि पुन्हा कुणी तो विषय काढणार नाही, असा नकार जुळवायचा म्हणजे निवांत बसावं लागतं. ह्यामेत कुणी प्रश्नानंतर गप्प झाला, की विचारणारा समजतो आणि हवापाण्याचं बोलायला लागतो. तिकडे गप्प बसणं हाच नकाराचा पूर्वार्ध.

मे महिन्यातल्या त्या बैठकीत प्रकल्पाचा समन्वयक कुणी व्हायचं हा प्रश्न निघाला. समन्वयक म्हणजे सगळ्यांच्या मागे लागणारा, ब्रसेल्सला उत्तरं देणारा, आणि काही बिघडलं तर सापडणारा माणूस. फोनमधून कार्मेलाबाईंचा आवाज आला, "मला वाटतं, हा मान आमच्या उत्तरेकडच्या मित्रांचा. मूळ कल्पना त्यांची. प्रोफेसर साहेब, तुम्हीच व्हा. काय म्हणता?"

चार वर्षं! बैठका, भाषणं, पाहुण्यांचं स्वागत! त्यांनी मनातल्या मनात नकार जुळवायला घेतला. आधी आभार. मग वय. मग आपल्यापेक्षा कार्मेलाबाई किती योग्य, हे. 'योग्य' की 'समर्थ'? 'समर्थ' म्हटलं तर आपण असमर्थ ठरतो का? तौनो 'योग्य'वर परतत होते, तेवढ्यात फोनमधून टाळ्यांचा आवाज आला.

"मग ठरलं तर!" कार्मेलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तेव्हा थोडा बारीक झाला होता, पण तौनोंना तो जाणवला नाही. त्यांचा नकार नुकताच पुरा तयार झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

त्यानंतर प्रकल्प तळ्यावरच्या बर्फाच्या अगदी उलट वागला. ऊन वाढत गेलं तसा तो जाड होत गेला. जर्मनीहून एक संस्था आली. तिला फक्त मानकं ठरवायची होती. कशाची, याबद्दल तिचा आग्रह नव्हता. मग ग्रीसमधलं एक बेट आलं. बेटावरची संस्था नव्हे, बेटच. रेइनोने सौनात तौनोंच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "हळूहळू शिकतोयस!"

गावच्या वर्तमानपत्राचा माणूसही आला. त्याला तौनोंचा काठीसह फोटो हवा होता, पण जूनमध्ये बर्फ आणायचा कुठून? त्याने त्यांना अंगणात सतरंज्या झोडपायच्या दांडीपाशी उभं केलं. दुसऱ्या दिवशी 'युरोपचं नेतृत्व कुओपिओकडे' या मथळ्याखाली, सतरंजी झोडपायला निघालेल्या माणसासारखे तौनो छापून आले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काठी कुठे मिळते याची चौकशी केली. आणखी दोघींनी, आता ब्रसेल्सला ओळख झालीच आहे तर लिफ्टचं तेवढं बघा, असं सांगितलं.

"लिफ्ट त्यांच्याकडे येत नाही," तौनो म्हणाले.

"एकदा मोठा झाला की माणूस असंच बोलतो," त्या एकमेकींना म्हणाल्या, आणि तौनोंना ते जिन्याच्या पुढच्या वळणापर्यंत ऐकू आलं.

सगळ्यांनी मिळून अर्ज लिहायचा होता, पण 'सगळे' आणि 'मिळून' हे दोन्ही जमेना. जुलैत सारा फिनलंड देश रानातल्या आपापल्या झोपड्यांत जाऊन बसतो. विद्यापीठात दाराला कुलूप आणि मेर्वीच्या टेबलावर सुकलेलं झाड. तौनो परतले तेव्हा ऑगस्ट लागला होता आणि नेपल्स समुद्रात पोहायला गेलं होतं. दुआर्ते आजोळी गेला होता, तिथे फोन लागायचा तो शेजारच्या बेकरीत, आणि बेकरीवाला सगळ्याला "हो, हो" म्हणायचा. तौनोंना वाटलं, हा माणूस आपल्यापेक्षा बरा समन्वयक झाला असता. जर्मन संस्था तेवढी जागेवर होती. ती दर सोमवारी, बाकीचे कुठे आहेत, असं विचारी.

शरदात अखेरचा दिवस उजाडला. पाच वाजेपर्यंत अर्ज संगणकावरून ब्रसेल्सला पोचायचा होता. चार वाजता नेपल्सहून नवा मजकूर आला. साडेचारला बेटाने कळवलं की आपल्या महापौरांच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. तौनोंनी ते दुरुस्त केलं आणि बटण दाबलं, तर पडद्यावर एक छोटं चक्र गरगर फिरायला लागलं. फिरता फिरता भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले.

तौनो खुर्चीत मागे टेकले. आणि इथे एक गोष्ट खरी सांगायला हवी: त्यांना फार हलकं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना खिडकीबाहेरचे बर्चवृक्ष दिसले, पिवळेधमक. सुटलो, ते मनाशी म्हणाले. कुणाचं मन दुखावलं नाही, घड्याळानेच परस्पर नकार दिला. घरी जाऊन त्यांनी चपला काढल्या, हेरिंग माशाचा एक तुकडा तोंडात टाकला, आणि फोन वाजला. मेर्वी होती.

"अहो, आहात कुठे तुम्ही? ब्रसेल्सचं घड्याळ आपल्या मागे आहे एक तास! पळा!"

तौनो पळाले. हेल्काबाईही चपला घेऊन मागून पळाल्या, कारण तौनो अनवाणीच निघाले होते. चक्र थांबलं होतं. तौनोंनी बटण पुन्हा दाबलं आणि अर्ज गेला.

आणि हिवाळ्यात कळलं की तो परीक्षकांना आवडलाही. फक्त समोरासमोर काही प्रश्न विचारायचे होते. समन्वयकाने प्रमुख भागीदारांसह ब्रसेल्सला यावं. तौनोंनी ते हेल्काबाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा आवाज दुखवट्याचं पत्र वाचावं तसा येत होता.

"सांगून टाक त्यांना," हेल्काबाई म्हणाल्या. "म्हणावं, मला नाही जमणार."

"आता? मीच मुख्य म्हणून सगळीकडे लिहून गेलंय. मी मागे सरलो आणि सगळंच बुडालं तर? कार्मेलाबाईंना काय वाटेल? दुआर्तेला?"

"आणि चार वर्षं तू असाच पहाटे उठून छताकडे बघत पडलास तर मला काय वाटेल?"

यावर तौनो गप्प बसले. हेल्काबाईंना त्याचा अर्थ कळला, कारण लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती.

सौनात रेइनोने परीक्षक होऊन सराव घेतला. "सांगा, तुमच्या प्रकल्पाने युरोपचं काय भलं होणार?" तो वरच्या फळीवरून गरजला. तौनो विचार करायला लागले. रेइनोने तीनदा दगडांवर पाणी टाकलं, वाफ कोंडली, उत्तर काही येईना. शेवटी रेइनोच बाहेर पळाला. "एवढा वेळ लावलास तर ते मरतील रे!" तो बाहेरच्या गार हवेत धापा टाकत म्हणाला.

ब्रसेल्सची ती इमारत काचेची होती. मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या लांब मार्गिकेत भिंतीला टेकून खुर्च्या मांडल्या होत्या आणि आधीच्या कुठल्यातरी प्रकल्पाची माणसं पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येत होती. तौनो मांडीवर हात ठेवून बसले होते. शेजारी कार्मेला इम्प्रोता, गळ्यात लाल रुमाल, हातात कॉफी, पाय सारखा हलतोय. पलीकडे दुआर्ते वॉफल खात होता. तिघं एकमेकांना प्रथमच प्रत्यक्ष भेटत होते.

"प्रोफेसर साहेब," कार्मेलाबाई एकदम म्हणाल्या, "राग मानू नका, पण नऊ महिने मनात ठेवलंय, आता राहवत नाही. तुम्ही पहिल्याच वेळी कसं काय घेतलंत हो?"

"काय घेतलं?"

"समन्वयकपद! अहो, आमच्याकडे मान आधी पाहुण्याला देतात. पाहुण्याने म्हणायचं, छे छे, तुम्हीच व्हा. मग मी म्हणणार, नाही, तुम्ही. मग तुम्ही पुन्हा, नाही, तुम्ही. मग मी नाइलाज झाल्यासारखी घेणार. पोरांनासुद्धा कळतं! मी भाषण तयार ठेवलं होतं. आमच्या डीनना सांगून बसले होते. आणि तुम्ही? तुम्ही सरळ घेऊन टाकलंत!"

तौनोंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी घेतलं नाही," ते म्हणाले.

"गप्प बसलात ना?"

"मी नकार देत होतो."

"कसा?"

"गप्प बसून."

कार्मेलाबाईंनी कॉफी खाली ठेवली. "आणि बोलणार कधी होतात?"

"होत आलं होतं," तौनो अगदी हळू म्हणाले. "तेवढ्यात तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

दुआर्तेला वॉफलचा ठसका लागला. त्याची पाठ चोळायची सोडून कार्मेलाबाई तौनोंकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुम्हाला नको होतं?"

"नाही."

"आणि मला हवं होतं!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की मार्गिकेच्या टोकाचा शिपाई वळून बघायला लागला. "माझं पोट दुखत होतं हो, ऑगस्टभर! पोहताना दुखायचं! मी पाठवलेल्या प्रत्येक मजकुराला उशीर का झाला माहितीय? रागाने झाला!"

"मला वाटलं, सुट्टीमुळे."

"सुट्टीत राग जास्त येतो, प्रोफेसर साहेब, वेळ असतो ना!"

दुआर्ते डोळे पुसत म्हणाला, "मला टाळ्यांच्या वेळीच शंका आली होती. पण म्हटलं, मोठी माणसं आहेत, आपण कशाला बोला."

"बोलायचं होतंस रे, गाढवा!" दोघं एकदम म्हणाले. तौनो स्वतःच दचकले.

तेवढ्यात दार उघडलं आणि तिघांना आत बोलावलं.

लांब टेबलापलीकडे पाच परीक्षक आणि कडेला युरोपीय आयोगाचा अधिकारी, केस पिकलेला डॅनिश गृहस्थ. मधल्या परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न समन्वयकांना विचारला: एवढ्या मोठ्या प्रकल्पात प्रत्यक्ष, हातात धरता येईल असं काय आहे?

तौनोंनी पिशवीतून काठी काढली आणि टेबलावर ठेवली. ही एक गोष्ट त्यांना माहीत होती. काय होतं, कसं होतं, तळ्यावर कोण चालतं, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. परीक्षकांनी काठी एकमेकांकडे दिली. मग त्या बाईंनी पुढचा प्रश्न विचारला: पाच देशांचं हे सगळं चार वर्षं तुम्ही पुढे कसं नेणार?

तौनोंनी कार्मेलाबाईंकडे पाहिलं. त्या टेबलाची कड घट्ट धरून, ओठ दाबून बसल्या होत्या. त्यांच्या रिवाजात मान आपणहून मागायचा नसतो.

"त्या नेतील," तौनो म्हणाले. "आमचं चुकून उलटं झालंय."

मग मात्र कार्मेलाबाई बोलल्या. नऊ महिने साठलेलं भाषण त्यांनी उभ्याने दिलं, हातवारे करत, बेट, ज्वालामुखी, दगड आणि तळं एका दमात गुंफत. जर्मन संस्थेला नेमकी कसली मानकं ठरवायची आहेत हे तौनोंना तेव्हा प्रथमच कळलं. परीक्षक पुढे वाकून ऐकत होते.

डॅनिश अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "करार व्हायचाय अजून. सगळ्या भागीदारांची संमती असेल तर आत्ता समन्वयक बदलता येतो. इथे नसलेल्या दोघांना मी विचारून घेईन. इथे कुणाची हरकत?" त्याने तिघांकडे बघितलं आणि मग खास तौनोंकडे वळला. "विशेषतः तुमची? तुमच्या हातून जातंय म्हणून विचारतो."

खोलीत शांतता पसरली. कार्मेलाबाईंचा चेहरा पांढरा पडला, आणि दुआर्तेने खुर्चीत घट्ट डोळे मिटले.

"नाही!" तौनो ओरडले. "काही हरकत नाही! आनंद आहे! घ्या! द्या त्यांना!" ते उभे राहिले होते आणि आपण उभे आहोत हे त्यांना मागाहून कळलं. एवढा मोठा आवाज आपल्याला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

पैसे मंजूर झाले. काठ्यांचं काम तौनोंकडेच राहिलं. उलट परीक्षकांच्या मते तोच एक भाग नीट समजत होता. दाराबाहेर कार्मेलाबाईंनी त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि तौनोंनी, कुठला गाल आधी हे न कळून, नाकावर एक घेतला.

विमानतळावर हेल्काबाई गाडी घेऊन आल्या होत्या. उणे वीस अंश थंडी, आकाश निरभ्र.

"मिळालं?"

"मिळालं."

"आणि तू?"

"सुटलो," तौनो म्हणाले, आणि वाटेत त्यांना इतकी गाढ झोप लागली की हेल्काबाईंना त्यांना उठवून घरात न्यावं लागलं.

गावच्या वर्तमानपत्राने मात्र या घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. 'नेतृत्व नेपल्सने हिसकावलं' असा मथळा आला. सकाळपासून दारावरची घंटा वाजायला लागली. आधी रेइनो आला, हातात वेलचीचे गोड पाव. "राजकारण आहे रे सगळं," तो कॉफी पिता पिता म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस. निदान बैठका तरी नेपल्सला होतील. ऊन असतं तिथे."

"रेइनो, मला खरंच आनंद झालाय."

"हो, हो," रेइनोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असंच म्हणायचं."

लिफ्टवाल्या दोघी ब्लूबेरी भरलेला केक घेऊन आल्या आणि दबक्या आवाजात बोलून गेल्या. सतरंजीच्या काठीची चौकशी केलेल्या बाई तांदळाच्या सारणाच्या करंज्या ठेवून गेल्या. तौनोंनी प्रत्येकाला खरं सांगून पाहिलं, आणि ते जितकं हसून सांगत तितकं लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. दुपारपर्यंत स्वयंपाकघराच्या टेबलावर जागा उरली नाही.

तौनो तिसरा पाव तोडत होते. नऊ महिन्यांत अन्नाला अशी चव आली नव्हती. तोंड भरलेलं, कपाळ मोकळं, आणि ते चक्क शीळ घालायच्या बेतात होते, तेवढ्यात हेल्काबाई दारापासून घाईघाईने आत आल्या.

"हसू पूस आधी ते," त्या म्हणाल्या. "सहाव्या मजल्यावरच्या एल्लीआजी निघाल्यात जिन्याने. राय धान्याच्या पिठात मासे भाजून करतात ना, तो कुक्को आहे हातात, अख्खा. अगदी रडू नकोस, पण जरा पडलेला चेहरा कर बाबा. निदान त्या कुक्कोबरोबरचं पावशेर लोणी पिशवीतून काढेपर्यंत."